वीस मिनिटांचं ऑइल आणि चेंबरचे आटे

शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि गाडीचं ऑइल बदलायचं राहून गेलं होतं. माझी शाळा कळ्याच्या पुढं आहे. कोल्हापुरात फुलेवाडीतल्या घरातून निघायचं, बालिंग्याचा पूल ओलांडायचा आणि गगनबावड्याच्या रस्त्यानं जायचं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर रोजचे. महिन्याला बाराशे होतात. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की वाहतूक बंद, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडीनं दगा देऊन चालत नाही. शाळा सुटल्यावर वाटेत बंद पडली तर अंधारात कुणाची वाट बघायची, हा प्रश्न बाईमाणसाला जरा जास्तच मोठा असतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आठ दिवसांनंतरची तारीख. तीही सकाळी नऊला गाडी सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. मधल्या वेळात काचेच्या पलीकडं काय चाललंय ते दिसत नाही. मागच्या वेळच्या बिलात ‘इंजिन ड्रेसिंग’, ‘थ्रॉटल क्लीनिंग’ अशा चार-पाच ओळी होत्या. त्या मी मागितल्या नव्हत्या आणि त्या कशासाठी, हे काउंटरवरच्या मुलीला सांगता आलं नव्हतं. त्यामुळे हायवेलगतच्या एका ‘वीस मिनिटांत ऑइल चेंज’वाल्या दुकानाची पाटी दिसली तेव्हा मला ते बरं वाटलं. दर बोर्डावर लिहिलेला, बसायला खुर्ची, समोरच गाडी वर चढवायची लिफ्ट. सगळं डोळ्यांसमोर. दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही. जे झालं ते तेवढ्याच दुकानात होतं असं मला वाटत नाही.

रविवार होता. पुढं चार गाड्या होत्या. माझा नंबर आला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आला. “ताई, चावी गाडीतच राहू दे,” म्हणाला आणि गाडी लिफ्टवर घेतली. ऑइलची पातळी बघायची काडी ओढली, पांढऱ्या कागदावर टेकवली आणि कागद माझ्यापुढं धरला. “बघा की, कसलं काळं झालंय. फ्लश मारून घ्या, सहाशे रुपये. इंजिन आतनं धुऊन निघतंय.”

इथं मी नाही म्हटलं, कारण एवढं मला माहीत होतं. ऑइल काळं होणं हा दोष नाही. ऑइलमध्ये इंजिनाची काजळी धरून ठेवणारं रसायन घातलेलं असतं. ते काजळी तळाला बसू देत नाही, स्वतःत तरंगत ठेवते, म्हणून ऑइल काळं दिसतं. म्हणजे काळं ऑइल बऱ्याचदा आपलं काम करत असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या दिवशी माझं विज्ञान फ्लशपाशीच संपलं. बाकी काहीच विचारलं नाही. कुठलं ऑइल, किती ऑइल, नट कसा लावला, वॉशर नवा की जुना, यातलं एकही नाही. खुर्चीवर बसून शाळेच्या पहिल्या आठवड्याचं नियोजन करत राहिले.

पोरानं हवेची गन लावून चेंबरचा नट सोडला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑइलचं भांडं, आणि नट म्हणजे खरं तर बोल्ट, पण गॅरेजमध्ये सगळे नटच म्हणतात. जुनं ऑइल खाली आलं, फिल्टर बदलला, नट परत त्याच गननं बसवला. ‘टर्रर्र’ असा आवाज झाला आणि वर आणखी एकदा ‘टर्र’. तो दुसरा ‘टर्र’ मला आजही ऐकू येतो. कोपऱ्यातल्या ड्रममधून मापानं ऑइल आणून ओतलं, काचेवर पुढच्या तारखेचा स्टिकर चिकटवला, आणि बावीस मिनिटांत मी बाहेर. बिलावर एवढंच : ‘इंजिन ऑइल, फिल्टर, मजुरी’.

पाचव्या दिवशी सकाळी आप्पांनी हाक मारली. आप्पा म्हणजे माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चौतीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काम केलं. उद्यमनगरात तेव्हा शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसणाऱ्या ऑइल इंजिनांचं काम असायचं. त्यांचे सुटे भाग आप्पांच्या हातून गेलेत. आता वय चौऱ्याहत्तर, पण सकाळी अंगणात फेरी मारताना काही वेगळं दिसलं तर सुटत नाही.

“ही फरशी बघ,” म्हणाले.

गाडीखालच्या फरशीवर तीन थेंब होते. ताजे, मधासारख्या रंगाचे. जुनं ऑइल असतं तर काळं असतं, हे नवं होतं. आप्पांनी आत जाऊन कालचा ‘पुढारी’ आणला, उलगडून गाडीखाली सारला आणि म्हणाले, “दुपारपर्यंत गाडी हलवू नको. कुठनं पडतंय ते कागदच सांगंल.” दुपारी कागदावर आठ आण्याएवढा डाग होता, बरोबर चेंबरच्या नटाखाली.

मग त्यांनी काडी ओढायला सांगितली. काडीवर खाली एक खूण असते, वर एक खूण. ऑइल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. माझ्या काडीवर ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. पाच दिवस गळूनसुद्धा वर! म्हणजे पहिल्या दिवशी किती जास्त घातलं असेल? गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट तीन लिटरच्या जरा वर आकडा आहे. चेंबरमध्ये ऑइल जास्त झालं की खाली फिरणारी क्रँक त्यात बुडते आणि ताक घुसळावं तसं ऑइल घुसळते. त्याचा फेस होतो. फेसात हवा असते, आणि हवेनं बेअरिंगला वंगण मिळत नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, हा समज आपल्याकडं फार आहे. जेवायला वाढतानाचा आग्रह इंजिनाला चालत नाही.

दुकानात परत गेले. त्यांनी वाद घातला नाही, हे खरं सांगायला हवं. गाडी लगेच वर घेतली. त्या दिवशी दुसरा, वयानं मोठा माणूस होता. त्यानं नटाला पाना लावला, पान्याला दोन फुटी पाइप जोडला आणि अंग टाकून आवळला. “आता थेंब पडला तर सांगा, ताई.”

थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धारच लागली होती. फरशीवर ताटाएवढं थारोळं.

मी चावी घेऊन बाहेर आले तर आप्पा गाडीच्या दारात उभे. “स्टार्टर मारू नको. एकदासुद्धा नको.” आयुष्यात त्यांनी मला इतक्या कडक आवाजात फार कमी वेळा सांगितलंय. मग जरा थांबून म्हणाले, “गळतंय म्हणून आवळायचं नसतं. का गळतंय ते बघायचं असतं.”

त्यांच्या जुन्या जोडीदाराच्या मुलाचं उद्यमनगरात गॅरेज आहे. त्याला फोन केला. तो जीप घेऊन आला आणि गाडी टोचन करून नेली. इंजिन बंद असल्यानं ब्रेक जड झालेला, स्टेअरिंग जड झालेलं, आणि मी मागच्या गाडीत दोन्ही हातांनी चाक धरून बसलेली. फुलेवाडी ते उद्यमनगर अंतर ते काय, पण रंकाळ्याच्या कडेनं जाताना मला ते संपेना.

पुढचा भाग मला नीट लिहायचाय, कारण तो मी हातभर अंतरावरून बघितला.

मिस्त्रींनी (मुलगा माझ्याहून लहान आहे, पण गॅरेजमध्ये सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात) गाडी खड्ड्यावर घेतली. खाली ट्रे ठेवला. नटाला पाना लावायची गरजच पडली नाही, बोटांनी फिरवला तर नुसताच फिरत राहिला. मग खाली ओढला. नट आला तो एकटा आला नाही. त्याच्या आट्यांत चांदीसारखी एक बारीक तार गुंडाळलेली होती. बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी, गोल गोल, सबंध. मिस्त्रींनी नखानं ती सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “हे तुमच्या चेंबरचं आटं, ताई.”

चेंबर ॲल्युमिनियमचं, नट पोलादी. दोघांत भांडण झालं तर मऊ धातू जातो. गननं पहिल्यांदा बसवला तेव्हाच आटे ताणले गेले होते. दोन फुटी पाइपानं उरलेले कापून काढले. आप्पांनी ती तार माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून उजेडात धरली. “किती स्वच्छ कापलाय बघ,” म्हणाले. आयुष्यभर ज्या माणसानं आटे पाडले त्याला ती तार बघून काय वाटलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि सगळ्याचं मूळ? नटाखालचा वॉशर. तो मऊ धातूचा असतो, एकदा दाबला की दबून जागा धरतो, म्हणूनच ऑइल बाहेर येत नाही. तोच पुन्हा वापरला की नीट बसेलच असं नाही. दर ऑइलला नवा घालायचा असतो. किंमत पंधरा-वीस रुपये. माझ्या नटाला जुनाच होता, पातळ झालेला, एका बाजूला चिरलेला. पहिले तीन थेंब त्या चिरेतून आले होते. पंधरा रुपयांचा वॉशर बदलला असता तर तिथंच संपलं असतं.

मी मिस्त्रींना विचारलं, किती आवळायचा असतो? त्यांनी भिंतीवरचा टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना, काढून दाखवला. गाडीच्या पुस्तकात 35 न्यूटन-मीटर आहे. मी मुलांना बल आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, शिकवते, फळ्यावर दरवाजाचं चित्र काढून, बिजागरी इकडं, मूठ तिकडं. तिथं उभ्या उभ्या हिशेब केला. वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्यानं 35 न्यूटन-मीटर आणायचं तर टोकावर 175 न्यूटन बल लागतं, म्हणजे साधारण 18 किलोचा जोर. एका हाताचं काम. तोच जोर 60 सेंटिमीटरच्या पाइपावर टाकला की 105 न्यूटन-मीटर, सरळ तिप्पट. आणि तो माणूस 18 किलोवर थांबला नव्हता, त्यानं अंग टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी दरवाजाऐवजी हा नट फळ्यावर काढला. मुलांच्या घरी ट्रॅक्टर आहेत, दुचाक्या आहेत. एरवी गप्प बसणारी मागच्या बाकावरची पोरं त्या दिवशी भांडून आकडे सांगत होती.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. नवं चेंबर किंवा आहे त्यालाच हेलिकॉइल. म्हणजे भोक जरा मोठं करायचं, टॅप मारून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं. जुना नट मग त्या पोलादी आट्यांत बसतो. नीट केलं तर मूळच्यापेक्षा मजबूत होतं, असं आप्पांचं मत. मी हेलिकॉइल म्हटलं. मिस्त्री म्हणाले, “गाडीवरच टॅप मारणारे पण हाईत, अर्ध्या तासात देत्यात. पण कीस आत पडतोय.” तो ॲल्युमिनियमचा कीस चेंबरमध्ये राहिला तर पंपाकडं ओढला जाऊ शकतो. त्यामुळे त्यांनी चेंबर पूर्ण खाली उतरवलं. टॅपला ग्रीस लावून, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असं करत आटे पाडले. हा ठेका आप्पांनी डोळे मिटून ऐकला. मग चेंबर रॉकेलनं दोनदा धुतलं, कोरडं केलं, कडेला सिलिकॉनची रेघ ओढून चढवलं, आणि सांगितलं की आज ऑइल भरायचं नाही, रात्रभर सुकू दे. घाई करणारा एक शब्द मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ऑइल भरण्याआधी ट्रेमधलं, आठवड्यापूर्वीच घातलेलं ऑइल त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं. “हे तुमच्या गाडीचं न्हाई. जाड हाय.”

बोटांनी चोळून ग्रेड कळत नाही, हे मिस्त्रीही मान्य करतात, म्हणून मी दुकानात जाऊन विचारलं. ड्रममध्ये 15डब्ल्यू-40 होतं, डिझेल गाड्यांना सर्रास चालणारं. माझ्या पेट्रोल गाडीच्या पुस्तकात 5डब्ल्यू-30 आहे. हे आकडे पुष्कळांना गूढ वाटतात, मलाही वाटायचे. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतला आकडा. तो जितका लहान, तितकं गार इंजिनात ऑइल लवकर पळतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या मापात 100 अंश सेल्सिअसला 30 नंबरचं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं एकक) बसलं पाहिजे, आणि 40 नंबरचं 12.5 ते 16.3 मध्ये. जाड ऑइल घातलं म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी जाम होत नाही, तेवढी भीती घालायची नाही. पण आजच्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह कधी उघडायचे याची वेळ बदलणारी यंत्रणा असते, ती ऑइलच्या दाबावर चालते, आणि ऑइल जायच्या तिच्या वाटा बारीक असतात. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद जो खडखड आवाज मला त्या आठवड्यात यायचा, तो मी पावसाळी हवेवर ढकलला होता. योग्य ऑइल घातल्यावर तो गेला.

(माझ्या भावाच्या मोटारसायकलचंही असंच झालं होतं. कुणीतरी ‘कारचं भारी ऑइल’ म्हणून घातलं आणि क्लच घसरायला लागला. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. दुचाकीच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघून घ्यावं.)

एकूण खर्च झाला तो ऑइलच्या मूळ बिलाच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि शाळेचे पहिले तीन दिवस मी एसटीनं गेले. दुकानाच्या मालकांना मी ती तार दाखवली. सोबत आप्पाही आले होते. मालक बराच वेळ तार बघत होते. “गाडी आमच्याकडनं गेली तेव्हा बरोबर होती,” हे सुरुवातीला म्हणाले, पण आप्पांनी शांतपणे विचारलं, “तुमच्याकडं टॉर्क पाना हाय का?” नव्हता. ऑइल आणि फिल्टरचे पैसे त्यांनी परत दिले. दुरुस्तीचे द्यायला तयार झाले नाहीत. बिलावर ना ग्रेड होती ना लिटर, त्यामुळे माझ्या हातातही पुढं भांडायला फार काही नव्हतं. आता कुठंही गेले तरी बिलावर ऑइलचं नाव, ग्रेड, लिटर आणि किलोमीटर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

त्या पोराशीही बोलले. तो कोपऱ्यात उभा होता, घाबरलेला. रविवारी पंचवीस-तीस गाड्या होतात म्हणाला. नटाला आकडा असतो हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. “गन थांबली की घट्ट झालं, एवढंच शिकवलंय, ताई.” त्याच्यावर राग धरणं मला जमलं नाही. वीस मिनिटांची पाटी त्यानं लावलेली नाही. जी घाई गिऱ्हाईक म्हणून मला हवी होती, ती त्याच्या हातातल्या गनमधून माझ्या चेंबरपर्यंत आली. घाई मी विकत घेतली होती.

मग अशा दुकानांवर विश्वास ठेवायचा का? शाळेतल्या सहकारी मला हेच विचारतात. माझं उत्तर असं : ऑइल-फिल्टरपुरतं, उभं राहून, ठेवायला हरकत नाही. ब्रेक, क्लच, कूलंट, गिअरबॉक्स यासाठी नाही. त्यात चूक झाली तर फरशीवर थेंब पडून इशारा मिळेलच असं नाही, थेट घाटात कळायचं. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणं, कागद जपून. बाहेर काम केलं की वॉरंटी संपली, असं आपल्याला धमकावलं जातं. त्याला आव्हान मिळालेलं आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी 65 लाखांचा दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू न दिल्याबद्दल. बाहेरून सर्व्हिसिंग केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, हेही त्या आदेशात होतं. पुढं त्यावर अपिलं झाली. पण बहिणीची नवी गाडी आहे, तिला मी सांगितलं, कायदा तुझ्या बाजूनं असला तरी दावा करायला तुला वेळ आहे का ते आधी बघ, आणि पहिली तीन वर्षं कंपनीतच जा.

आठ महिन्यांनी पुन्हा ऑइल आलं. आप्पांना वाटलं मी उद्यमनगरातच जाईन. मिस्त्रींकडं चार दिवस काम तुंबलेलं होतं, त्यांनीच सांगितलं, “कुठंही टाका, फक्त बघत उभं राहा.” मी दुसऱ्या एका झटपट दुकानात गेले, मुद्दाम मंगळवारी, शाळा सुटल्यावर, गर्दी नसताना. ऑइलचा सीलबंद डबा, फिल्टर आणि वॉशर स्पेअर पार्टच्या दुकानातून स्वतः घेतले होते.

आत शिरतानाच विचारलं, “टॉर्क पाना आहे का?” मुलानं माझ्याकडं बघितलं, मालकाकडं बघितलं. मालकानं कपाटातून काढून दिला, डबी धुळीची होती पण पाना होता. मी म्हटलं, “नट हातानं सुरू करायचा, गन लावायची नाही.” तो लगेच तयार झाला. हातानं दोन-तीन फेरे सहज गेले तर आटे जुळलेत. पहिल्याच फेऱ्याला अडला तर वाकडा लागतोय. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे मी बॅटरी लावून बघितलं. ती राहिली आणि नवी तिच्यावर बसली तर ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रिंगला बोटानं ऑइल लावून फिल्टर हातानंच बसवला, टेकल्यानंतर पाऊण फेरा. डब्याचं सील माझ्यासमोर फोडलं. ऑइल पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जरा कमीच ओतायला लावलं, गाडी खाली घेतली, सपाट जागेवर एक मिनिट चालू करून बंद केली, पाच मिनिटं थांबलो, मग काडी बघून उरलेलं. चालू केल्याबरोबर ऑइलचा लाल दिवा विझला. नट आवळताना टॉर्क पान्यानं ‘टक्’ केलं तेव्हा तो मुलगा हसला. “एवढंच? मला वाटलं ढिला राहिला.” त्यानं आणखी एक गाडी त्याच पान्यानं केली, मी निघेपर्यंत.

रिकाम्या डब्याला मी पेचकसानं भोक पाडलं. त्यांना ते थोडं लागलं असावं, पण नावाजलेल्या कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलक्या दर्जाचं ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो. माझा डबा तरी त्यात जायला नको. जळकं ऑइल कुठं जातं, हेही विचारलं. आपल्याकडं ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, कुणी खांबाला वाळवी लागू नये म्हणून नेतं, आणि बरंच गटारात जातं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडंच जायला हवं. नदीची अवस्था रोज पुलावरून बघणाऱ्या माणसानं तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. मालकानं एका बॅरलकडं बोट दाखवलं, महिन्याला गाडी येऊन नेते म्हणाले, पावती दाखवली. तेवढ्यानं माझं त्या दुकानाबद्दलचं मत पक्कं झालं. जो माणूस सांडलेल्या ऑइलचा हिशेब ठेवतो, त्याच्या हातून नट बरा बसेल असं मला वाटतं.

सगळ्याला पन्नास मिनिटं लागली.

घरी आले तेव्हा आप्पा अंगणातच होते. काही न विचारता त्यांनी ‘पुढारी’ उलगडला आणि गाडीखाली सारला. सकाळी मी बाहेर आले तर ते गुडघ्यावर हात टेकून वाकलेले, कागद ओढून काढत होते. दोन्ही बाजू उलटून बघितल्या, घडी घातली आणि आत नेऊन रद्दीत ठेवला. मी वॉशरचं पाकीट दहाचं घेतलं होतं. उरलेले नऊ डॅशबोर्डच्या खणात आहेत, त्या चांदीच्या तारेशेजारी.